पीण्याचा पाटकरी

पीण्या इंडस्ट्रियल एरिया, सेकंड स्टेज, फोर्थ फेज, अमुक क्रॉस, तमुक मेन, असा पत्ता दिला की नवा माणूस तासाभरात आमच्या शेजारच्या कारखान्यात पोचतो. तिथला वॉचमन त्याला इमानेइतबारे परत जलाहळ्ळी क्रॉसला पाठवतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी वसलेली ही वसाहत आशियातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक आहे, असं आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यातही आम्ही नापास झालो नाही, हे मात्र सांगत नाही. प्लेटिंगच्या सांडपाण्यातलं क्रोमियम इथल्या भूजलात उतरलेलं आहे. पीण्यातली माती कुणी हौसेनं हातात घेत नाही. झालीच तर करिअरची होते.

मी इथल्या एका मध्यम कारखान्यात क्वालिटी बघतो. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपाचे सुटे भाग आम्ही बनवतो. माझ्या सहीशिवाय पेटी गेटबाहेर जात नाही. देशभर नांगरट करणाऱ्या कितीतरी ट्रॅक्टरांच्या पोटात माझी सही आहे. मी स्वतः शेतात शेवटचा कधी उतरलो ते गावाकडं शेती बघणाऱ्या आण्णांना विचारावं लागेल, आणि आण्णांना तो विषय काढून देणं परवडत नाही.

आमचं गाव गडहिंग्लज तालुक्यात, हिरण्यकेशीच्या काठाला. ऊस, सोयाबीन, थोडा भात. कारखान्याजवळून जाणारा तुमकूर रोड तोच पुढे दावणगेरे, हुबळी, बेळगाव करत संकेश्वरला जातो. तिथं उतरलं की घर. रस्ता चुकायची सोयच नसल्यामुळे न जाण्याची कारणं मला दर वर्षी नवीन शोधावी लागतात. भांगलणीला ऑडिट असतं, ऊसतोडीला इयर एंड असतो, आणि मधल्या काळात माझी कंबर असते.

अशा माणसाला शेतीची हौस यावी, हे ऑडिटमुळेच घडलं. ग्राहक कंपनीचा एक जर्मन आमच्याकडे तपासणीला आला होता. दुपारी जेवताना, दह्यात चमचा फिरवत, तो म्हणाला की दर उन्हाळ्यात तो पोर्तुगालमधल्या एका शेतावर जाऊन गवत उपटतो. पगार नाही, राहणं-जेवण मिळतं. वर असंही म्हणाला की १९७१ साली लंडनमधल्या स्यू कॉपर्ड नावाच्या एका सेक्रेटरीबाईला शहराचा कंटाळा आला, म्हणून तिनं शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर राबायची टूम काढली आणि आता ती जगभर पसरली आहे. ‘वूफ’ म्हणतात. माझ्या कानाला ते आमच्या शेतावरच्या मोत्याच्या भाषेतलं वाटलं, पण मनात मात्र घर करून बसलं. जर्मन माणूस गवत उपटतो म्हणजे त्यात काहीतरी प्रोसेस असणार!

चौकशीअंती कळलं की आपल्याकडे असल्या शेतांचं माहेर म्हणजे पाँडिचेरीजवळचं ऑरोव्हिल. पीण्याहून रात्रभराचा प्रवास. तिथल्या परिसरातल्या एका शेताला मी अर्ज लिहिला. शेताचं नाव सांगत नाही. त्या मंडळींनी मला फार सांभाळून घेतलं आणि त्यांना पुन्हा कुणी पीण्याचा माणूस विचारत यावा, अशी माझी इच्छा नाही.

अर्जात ‘तुम्हाला इथं का यायचं आहे?’ असा रकाना होता. क्वालिटीच्या माणसाला मोकळा रकाना सोसवत नाही. मी थेट विलासराव साळुंख्यांना साक्षीला बोलावलं. हा आमच्या लाइनमधला देवमाणूस. पुण्यात अचूक मोजमापाची गेजेस बनवण्याचा कारखाना चालवणारा इंजिनिअर. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी माणसं खडी फोडताना पाहिली आणि ते अस्वस्थ झाले. पुरंदर तालुक्यात नायगावला देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन भाडेपट्ट्यानं घेतली, उतारावर बांध घातले, पावसाचं पाणी अडवलं आणि त्यातून पुढे पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरेल. भूमिहीनालाही पाणी मिळेल. उसाला मात्र नाही. हे सगळं मी इंग्रजीत लिहिलं आणि खाली जोडलं, ‘मीही गेजवालाच आहे.’ शेवटची उसाची अट आण्णांना कधी सांगितलेली नाही, हे लिहिलं नाही.

एरवी त्यांना महिना-दीड महिना राहणारा माणूस लागतो. पण परतीचा पाऊस तोंडावर होता, चर खणायला हात कमी होते आणि माझ्याकडे दसऱ्याची जोडून सुट्टी होती. ‘या,’ म्हणाले. राहण्या-जेवणाचे रोजचे पैसे मात्र द्यावे लागतील.

बायकोनं हिशेब एकदा ऐकला. मग खात्री करून घ्यायला परत ऐकला.

“अहो, म्हणजे चर तुम्ही खणायचे आणि पैसेपण तुम्हीच द्यायचे?”

“तो अनुभव असतो.”

“मग आण्णांकडं अनुभव नसतो का? तिकडं तर जेवायला तूप असतं.”

पीण्यात आयुधपूजा म्हणजे वर्षाचा सण. प्रत्येक मशिनला केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाचे बोट. कूलंटचा वास त्या दिवसापुरता धूपापुढे हरतो. कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू आणि नाणी भरतात, तो गेटसमोर फोडतात, मग कामगारांना चुरमुऱ्यांच्या आणि मिठाईच्या पिशव्या. आमच्याकडची पूजा आदल्या दिवशीच उरकते. चुरमुऱ्यांची पिशवी बगलेत मारून मी मेट्रोनं मॅजेस्टिक गाठलं आणि पाँडिचेरीची बस पकडली. बॅगेत स्टीलची टेप, सहा इंची पट्टी आणि सवयीनं डिजिटल व्हर्नियर. व्हर्नियर कशाला, असं विचाराल तर माझ्याकडे उत्तर नाही. काही लोक जपाची माळ नेतात.

ऑरोव्हिलची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिथं ती मला सगळ्यांनी विस्तारानं सांगितली. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी १२४ देशांची मूठमूठ माती एका संगमरवरी कलशात घालून या नगरीचा पाया रचला. तेव्हा हे पठार तांबडं, बोडकं होतं. पावसाबरोबर माती ओघळीनं समुद्राला जायची. आधीच्या मंडळींनी बांध घातले, झाडं लावली, आणि आता तिथं दिवसा अंधार पडावा असं रान आहे. माझ्यातला मराठी माणूस जागा झाला. मी प्रत्येकाला थांबवून सांगू लागलो की श्रीअरविंदांना बडोद्यात १९०८ च्या जानेवारीत ध्यानाला बसवणारे विष्णु भास्कर लेले हे आमचे. तीन दिवसांत त्यांनी श्रीअरविंदांचं मन निर्विचार करून दाखवलं. कोरियाच्या एका मुलीनं शांतपणे विचारलं, “तुम्हालाही येतं का ते?” मी विषय बदलून दुपारच्या जेवणावर आणला.

नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी सगळ्यांना देशानं ओळखायला लागलो. बेल्जियम, कोरिया, स्पेन, दोन इस्राएल, एक चंदीगड. वयानं सगळे माझ्या ट्रेनी इंजिनिअरएवढे. पहाटे उजाडायच्या आत गोल करून उभं राहायचं, एकेकानं ‘आज कसं वाटतंय’ ते सांगायचं आणि मग एकमेकांना मिठी. पीण्यात सकाळच्या मीटिंगला आज कसं वाटतंय ते कुणी विचारत नाही. काल रिजेक्शन किती, ते विचारतात. माझी पाळी आली तेव्हा मी सवयीनं “शून्य” म्हणालो. निर्विचार मनाची खूण समजून बेल्जियमनं हात जोडले.

चहा नव्हता. म्हणजे गवती चहा होता, चहा नव्हता आणि दूधही नव्हतं, कारण तिथं प्राण्याचं काही चालत नाही. संडासाबद्दल मी जाण्यापूर्वी घाबरलो होतो, पण प्रत्यक्षात तीच एक जागा माझ्या शिस्तीत बसली. पातळ वेगळं, घट्ट वेगळं, वर भुसा. पुढे सगळ्याचं खत. उगमापाशीच वर्गीकरण! आमच्या स्टोअरवाल्यांना वर्षानुवर्षं जमलं नाही ते.

दुपारी बेल्जियमनं मला जीवामृत करायला शिकवलं. दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती. घड्याळाच्या दिशेनं ढवळायचं. तिनं ते स्पॅनिश अक्षरांनी भरलेल्या वहीतून वाचून दाखवलं. हे सुभाष पाळेकरांचं, विदर्भातलं, मी तिला सांगू पाहत होतो, पण तोवर ती मला ढवळण्याचा वेग कमी करायला सांगत होती. गाईच्या शेणाला प्राण्याचं म्हणावं की नाही, यावर स्पेन आणि इस्राएलचा वाद चालू होता. शेणात कोपरापर्यंत हात घालून मी उभा होतो. हेच शेण आमच्या गोठ्यात दिसलं की मी पॅन्ट दुमडून लांबनं जातो.

त्या दिवशी खंडेनवमी. कुदळी, फावडी, घमेली, पहारी एका ओळीत मांडलेल्या पाहून मला राहवलं नाही. मी हत्यारांची पूजा सुचवली. सगळ्यांना कल्पना एवढी आवडली की कोरियानं फुलं आणली, चंदीगडनं आरती म्हणायची तयारी दाखवली. मी फावड्यांना कुंकू लावलं, पीण्याचे चुरमुरे वाटले, आणि कोपऱ्यात एक चांगला जाडजूड कोहळा दिसला तो उचलून दगडावर फोडला. टाळ्या झाल्या नाहीत. स्वयंपाक बघणाऱ्या स्पेननं तुकड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती रात्रीची भाजी होती. कुंकू धुऊन ती तिनं केलीच. काही फोडी गुलाबी होत्या. मी दोनदा वाढून घेतली.

आता चराकडे येतो. खरं तर इथवर आलो ते त्याच्यासाठीच.

उतारावर पाणी अडवायचं तर चर समपातळीत हवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळ एकाच उंचीवर असला म्हणजे पाणी त्यात थांबतं आणि जमिनीत मुरतं. आपल्याकडे सलग समतल चर म्हणतात ते हेच. ती पातळी काढायला शेतावर एक ए-फ्रेम होती. बांबूचे दोन पाय वर बांधलेले, मध्ये आडवा बांबू, शेंड्याला दोरी आणि दोरीला दगड. दोरी आडव्या बांबूवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय समपातळीत. मग एक पाय जागेवर ठेवून दुसरा कंपाससारखा फिरवायचा, पुढचा बिंदू मिळतो, तिथं खुंटी. परत फिरवायचं. एवढंच.

इस्राएल क्रमांक एक मला ते दाखवत होता. मला ते पाहवेना. बांबूवरची खूण खडूनं काढलेली, पुसट, आणि बरोबर मध्यावर नव्हती! आडव्या बांबूचा मध्य मी टेपनं काढला, पट्टीनं पडताळला, आणि खूण चांगली बोटभर बाजूला सरकलेली आहे हे सिद्ध केलं. जुनी खूण पुसली. नवी, अर्ध्या मिलिमीटरमध्ये अचूक, मार्करनं मारली. व्हर्नियर इथं कामी आला.

मग त्यांच्या फिरवण्याच्या पद्धतीकडे वळलो. कधी हा पाय पुढे, कधी तो. याला आम्ही ऑपरेटरनुसार पडणारा फरक म्हणतो आणि तो ठेचून काढतो. मी एका पायाला तांबडं फडकं बांधलं आणि नियम घातला: फडक्याचा पाय कायम पुढे. फ्रेम फिरवायची नाही. उचलायची, मागचा पाय मागच्या खुंटीवर ठेवायचा, फडक्याचा पुढे टाकायचा. एसओपी! कागदावर लिहून झाडाला चिकटवली. बेल्जियमनं फोटो काढला. “किती जर्मन आहे हे,” ती म्हणाली. माझी छाती फुगली.

दिवसभर आम्ही साठेक मीटर चर खणला. हाताला फोड आले. माझी कंबर गेली, आली, परत गेली. पण चर काय देखणा झाला होता! खुंट्या एका ओळीत, कडा तासलेल्या, मातीचा बांध खालच्या अंगाला थापून बसवलेला. मी त्याच्या कडेनं हात मागे बांधून दोन फेऱ्या मारल्या. रात्री बांबूच्या माळ्यावर पडल्यापडल्या मला नायगावचे साळुंखे आठवत होते.

पाऊस पहाटेच्या सुमारास आला. या किनाऱ्याचा वर्षातला निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो, आणि तो पडतो म्हणजे कोसळतो. मी आनंदानं उठून बसलो. पाणी माझ्या चरात थांबणार होतं.

पाणी थांबलं नाही. ते एका टोकाला शिरलं, वेग घेतला आणि दुसऱ्या टोकानं शिस्तीत बाहेर पडलं. दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर होतं. आम्ही पोचलो तेव्हा चुलीत पाणी, सरपण तरंगत होतं आणि भिजत घातलेली नाचणी आपापल्या वाटेनं निघाली होती. स्पेन गुडघाभर गढुळात उभी राहून पातेली गोळा करत होती. तिनं माझ्याकडे आता पाहिलंही नाही.

उजाडल्यावर ए-फ्रेम तपासली. तिचा एक पाय झिजून दुसऱ्यापेक्षा आखूड झाला होता. फरक जेमतेम दीड सेंटिमीटर. आणि म्हणूनच जुनी खूण मध्यावर नव्हती. ती कुणीतरी मुद्दाम, रीतसर काढलेली होती: फ्रेम दोन बिंदूंवर उभी करायची, दोरी कुठं येते ते बघायचं, पायांची अदलाबदल करून परत बघायचं, आणि दोन्हींच्या मध्ये खूण. कॅलिब्रेशन! ज्या माणसानं व्हेंडरच्या गेजवर कॅलिब्रेशनचं लेबल एक दिवस जुनं झालं म्हणून अख्खा माल परत पाठवला आहे, त्यानं कॅलिब्रेशनची खूण स्वहस्ते पुसली होती.

एवढ्यावर भागलं असतं. कारण चुकीची खूण घेऊनही फ्रेम कंपाससारखी फिरवत नेली असती तर एका पावलाला पातळी खाली गेली असती, पुढच्याला तेवढीच वर आली असती; दोन पावलांत चूक आपोआप फिटली असती. त्या पोरांचा गबाळेपणा हाच त्यांचा दुरुस्तीचा उपाय होता. मी एसओपी लावली. फडक्याचा पाय कायम पुढे, म्हणजे चूकही कायम एकाच दिशेला. पाऊल दीड मीटरचं, अशी चाळीस पावलं. चराचा तळ अर्ध्या मीटरहून जास्त उतरला. एवढा उतार मी मुद्दाम काढायला गेलो असतो तर इतका एकसारखा जमला नसता.

सकाळच्या गोलात मी सगळं कबूल केलं. फळ्यावर पाच ‘का’ लिहून मूळ कारण शोधून दाखवलं. पीण्यात अशा वेळी कन्नड, तमिळ आणि हिंदी या तीन भाषांत आईबहिणींचा उद्धार होतो आणि माणूस मोकळा होतो. इथं सगळ्यांनी माझे आभार मानले. बेल्जियम मिठी मारून म्हणाली की पाण्याला जायचं होतं तिथं ते गेलं. स्पेन नाश्त्याच्या जागी सर्वांना केळी देत होती. माझ्या हातात तिनं केळं ठेवलं आणि फावडंही.

उरलेला वेळ मी माझाच चर बुजवत आणि नवा खणत घालवला. रिवर्क. दर दिवसाचे पैसे भरून. कॉलेजात असताना मित्र दर मे महिन्यात बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला चंद्रपूरकडे जायचे, तेव्हा माझी नेमकी केटी असायची. अख्ख्या महाराष्ट्रानं २०१८ च्या एक मेला महाश्रमदान केलं, तेव्हा मी सेकंड शिफ्टला होतो. ती सगळी थकबाकी व्याजासकट वसूल होत होती. नव्या चराची पातळी इस्राएल क्रमांक एकनं काढली. मी फक्त दगड स्थिर होईपर्यंत दोरीला वारा लागू नये म्हणून आडोसा धरून उभा राहत होतो. त्यात मात्र माझी कुणी चूक काढली नाही.

पीण्यात परतलो त्या आठवड्यात वार्षिक कॅलिब्रेशनचं काम होतं. एका ज्युनिअरनं प्लग गेजच्या डब्यावर कुणाची तरी जुनी खूण दिसते, पुसू का, असं विचारलं. मी एवढ्या जोरात “नको!” म्हणालो की शेजारचा ग्राइंडिंगवाला मशिन बंद करून बघायला आला.

आण्णांना बायकोनं सांगितलं. मला फोन आला रविवारी.

“किती पैसं दिलंस म्हणं?”

मी आकडा सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता. मागे मोत्या भुंकत होता.

“आणि पाणी शिरलं स्वयंपाकघरात.”

“आण्णा, तो पाय आखूड होता.”

“चर नव्हं, पाट काढलास तू. सरकारला धा वर्सं लागत्यात, तू एका दिसात काढलास.” मग जरा थांबून, “पारदर्शक नळी न्यायची हुती की रं. गवंडी वापरत्यात ती. दोन्ही टोकाला पाणी सारखंच उभं ऱ्हातंय, त्याला खूण लागत न्हाई का फडकं लागत न्हाई.”

मी गप्प. हे इतकं सोपं होतं की अर्जाच्या रकान्यात लिहिता आलं नसतं.

“ती पोरं किती म्हणालास? परदेशातली?”

मी देश सांगितले.

“मग आपल्याकडंबी काढू या का तसलं? विहिरीजवळची खोली रिकामीच हाय. दोन टायमाला भाकरी-आमटी. दूध-तूप नको म्हणत असतील तर आपलंच वाचलं. भांगलणीला माणूस मिळंना झालाय, त्यात ही पैसं दिऊन येत्यात. पाठव की त्या बेल्जियमला.”

“पाठवतो की. आणि मी? मी पण येतो या खेपेला.”

“तू कशाला? तू पैसं गोळा करायचं बघ. तिकडनंच.”